उघड्या दाराची ऊब

झाशीला खंडेराव गेटाच्या आत एक गल्ली आहे. समोरून म्हैस आली तर माणसाने कुणाच्या तरी ओट्यावर चढावं, इतपत तिची रुंदी. त्या गल्लीत बिवलकरांचं घर. खाली बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर, वर दोन खोल्या. मृदुलाकाकूंच्या सासऱ्यांनी नोकरीच्या अखेरीला बांधलेलं साधं सिमेंटचं घर. पाहण्यासारखं त्यात काही नाही. पण नवख्या माणसाने पत्ता विचारला तर पानवाल्यापासून शिंप्यापर्यंत सगळे एकच खूण सांगत, "जीको किवार खुलो दिखै, ओई घर आय." ज्याचं दार उघडं दिसेल, तेच घर.

दिवेलागण झाली की बिवलकरांचं पुढचं दार सताड उघडायचं आणि जेवणाची पानं घेईपर्यंत लोटायचंसुद्धा नाही, ही सासऱ्यांनी घातलेली रीत. ते म्हणत, "आपण चार घरं मराठी, ती या हिंदी मुलखात मोहरीसारखी विखुरलेली. रस्त्याने जाणाऱ्याला दिवा दिसला पाहिजे. बंद दारावर थाप मारायला माणूस लाजतो, उघड्या दारातून आत डोकावायला लाजत नाही." त्या घराचं दार संध्याकाळी लागलेलं दिसलं, तर गल्लीने समजावं की आत सुतक आहे किंवा मोठं भांडण. सुतकं काही झाली. भांडणं मात्र बिवलकर उघड्या दारातच करत.

ही रीत सासऱ्यांच्या मागे चालवली ती मृदुलाकाकूंनी. काकू मूळच्या सागर गावच्या. लग्न होऊन झाशीला आल्या तेव्हा या गावात त्यांच्या ओळखीचं चिटपाखरू नव्हतं. नवरा, म्हणजे गजाननराव, ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात पाळीवर. नवी नवरी बैठकीच्या कोपऱ्यात बसून गुपचूप डोळे टिपत होती. सासऱ्यांनी पाहिलं, काही विचारलं नाही. दार उघडलं, दिवा लावला आणि म्हणाले, "बस जरा. कुणी ना कुणी येईल."

आले ते कमलाकर मास्तर. जवळच्या एरच गावी इंटर कॉलेजात शिकवायचे, शनिवार-रविवार झाशीला यायचे. आवाज असा की बेतवा नदीच्या या काठी उभं राहून हाक मारली तर पैलतीरावरचा धोबी वळून बघे. मराठी मंडळाच्या गणेशोत्सवातल्या नाटकांत राजा कायम तेच. हातात नाटकाचं पुस्तक, डोक्यात तालीम. त्यांनी त्या मुसमुसणाऱ्या मुलीकडे पाहिलं आणि विचारलं, "वाचता येतं ना स्पष्ट? मग ये. आम्हाला कंस वाचायला माणूस हवाय."

कंस म्हणजे नाटकाच्या पुस्तकात बारीक अक्षरात छापलेल्या सूचना. '(कपाळाला हात लावून खाली बसतो.)' '(पदर सावरीत निघून जाते.)' तालमीला कुणीतरी ते मोठ्याने वाचावं लागतं, नाहीतर कोण बसलंय आणि कोण निघून गेलंय याचा पत्ता लागत नाही. त्या संध्याकाळी मृदुला बिवलकर जी कंस वाचायला बसली, ती पुढे कायमचीच.

काकूंनी कधी पात्र वाचलं नाही. त्यांच्या आवाजात चढउतार नाही, असं त्या स्वतःच सांगत. पुढे त्यांना पोस्टात नोकरी लागली. खिडकीवर बसून 'पुढचा, पुढचा' म्हणता म्हणता तो आवाज आणखीनच सपाट झाला. त्या आवाजात त्यांनी '(गडगडाटी हसतो.)' असं वाचलं की हसणाऱ्याच्या आधी बैठक हसे. मास्तर म्हणत, "भाव आम्ही देऊ. तू फक्त कंस दे. पण तुझा कंस चुकला की आमचा राजा सिंहासनाऐवजी जमिनीवर बसतो, हे ध्यानात ठेव."

मग काळाने आपला पडदा ओढला. नटांच्या बदल्या झाल्या, नायिकांना नातवंडं झाली, मुलं हिंदीत बोलू लागली. स्टेजवरची नाटकं बंद पडली. राहिलं ते वाचन. थंडीत, दत्तजयंतीपासून रथसप्तमीपर्यंत, दर शनिवारी संध्याकाळी बिवलकरांच्या बैठकीत जुनं नाटक वाचायचं. सात-आठ माणसं. भुईमुगाच्या शेंगा, हिरवी चटणी, तिळाची गजक आणि आल्याचा चहा. राजा अजून कमलाकर मास्तरच; वय ऐंशीच्या पुढे गेलं, पण राज्य सोडलं नव्हतं.

आणि मधोमध शेगडी. सीपरी बाजारातून आणलेली, मातीच्या भाजलेल्या थाळीत विजेची कॉइल बसवलेली, लोखंडी तिपाईवर ठेवलेली. लालबुंद पेटली की सगळे तिच्याभोवती गोल करून बसत. दार उघडं असलं तरी बिघडत नसे, कारण पाठ गारठली तर गारठली, तोंड आणि तळवे शेकत होते. मास्तर शोकाचा प्रवेश आला की मुद्दाम शेगडीवर झुकत. खालून लाल उजेड तोंडावर पडे, सुरकुत्या खोल होत, आणि त्या छोट्या खोलीत फूटलाइट लागल्याचा भास होई. ज्याने कधी खालून येणारा उजेड तोंडावर झेलला आहे, त्यालाच त्यातली नशा कळेल.

गेल्या हिवाळ्यात त्या शेगडीनेच घात केला. मास्तरांच्या राजाचं राज्य जात होतं. उषाताई, मंडळातल्या सगळ्यात हळव्या बाई, डोळे पुसायला वाकल्या आणि त्यांच्या शालीच्या झालरी कॉइलवर पडल्या. लोकर जळल्याचा वास, मग धूर, मग किंकाळी. गजाननराव तांब्या घेऊन धावले.

"पाणी नको! आधी बटण!" काकू ओरडल्या. उभ्या आयुष्यात त्यांच्या आवाजाला चढ आला तो तेव्हा.

बटण बंद झालं, शाल पायाखाली तुडवली गेली, उषाताईंना ओरखडाही आला नाही. "सुनेने दिली होती," धूर निवल्यावर उषाताई म्हणाल्या, "तेव्हा फार वाईट वाटून घेऊ नका." हसले सगळे. पुण्याहून मुलाचा, हृषीकेशचा फोन आला. "आई, ती शेगडी पुन्हा पेटली तर मी येऊन तुम्हा दोघांना उचलून पुण्याला आणीन. सामानासकट."

मग वारा फेकणारा ब्लोअर आणून पाहिला. तो लावला की अर्ध्या गल्लीचे दिवे पिवळे पडत आणि सगळी गल्ली बिवलकरांच्या नावाने बोंब मारी. शेवटी वाचन थांबलं. झाशीची थंडी म्हणजे कातळाची थंडी. उन्हाळ्यात जो दगड भाजून काढतो तोच माघात हाडं फोडतो. म्हातारी माणसं त्या थंडीत नुसत्या चहासाठी घराबाहेर पडत नाहीत.

मास्तर तर अंथरुणालाच खिळले. मुलगा दिवसभर कामावर, सून कानपूरची, चांगली, पण मराठीतलं एक अक्षर तिला येत नाही. मृदुलाकाकू मेथीचे लाडू घेऊन गेल्या तेव्हा ती दारातच म्हणाली, "चाचीजी, बाबूजी तो जैसे बोलना ही भूल गए. हाँ-ना के सिवा कुछ नहीं."

मास्तर भिंतीकडे तोंड करून पडले होते. काकूंना पाहून त्यांनी एवढंच विचारलं, "आपला शनिवार कधी?"

परत येताना काकूंना वाटलं, हाही हिवाळा असा गेला आणि पुढचाही गेला, तर त्यानंतर राजा वाचायला कोण असेल? आणि राजाच नसेल तर आपण कंस कुणासाठी वाचायचे?

पावसाळा सरला, नवरात्र झालं, आणि एका सकाळी ई-रिक्शावर भोंगा लावून वीज कंपनीची माणसं गल्लीत आली. जुनी कॉइलची शेगडी किंवा ब्लोअर जमा करा, त्याच्या बदल्यात गरम-थंड हवेचं यंत्र बसवून घ्या, किमतीतला मोठा हिस्सा कंपनी बिलातून वळता करील. गजाननरावांनी खिडकी लावून घेतली. काकूंनी चपला घातल्या.

चौकात कंपनीने शिबिर मांडलं होतं, तिथे कुशवाहा नावाचे इंजिनीअर बसले होते, जाड भिंगाचा चष्मा आणि गळ्यात मफलर. काकूंनी त्यांना सरळच विचारलं, की शेगडीही विजेचीच आणि हेही विजेचंच, मग कंपनी आपल्याच पदरचे पैसे का सोडते?

"माताजी, कुएँ से पानी निकालना हो तो पंप लगाते हैं ना? पानी बनाते थोड़े ही हैं," कुशवाहा म्हणाले. "आपकी कॉइल बिजली फूँककर गर्मी बनाती है. ये मशीन गर्मी बनाती नहीं, बाहर से खींचकर भीतर डालती है. इसीलिए इसका नाम हीट पंप. बिजली बहुत कम लगती है. जाड़े की शाम पूरा झाँसी कॉइल जलाता है और हमारा ट्रांसफार्मर बैठ जाता है. आप कम खींचेंगी तो हमारी भी नींद पूरी होगी."

"पर भैया, जाड़े में बाहर गर्मी है कहाँ?"

"है माताजी. हमको-आपको पता नहीं चलती, मशीन ढूँढ़ लेती है."

"म्हणजे आपल्या उषाताईंसारखं," मागून आलेले गजाननराव पुटपुटले. "काहीच नसेल तिथूनसुद्धा बातमी काढून आणतात."

अट एकच होती. यंत्र बसल्यावर कंपनीचा माणूस थंडीत येऊन पाहणार. खोली नीट गरम होत असेल तरच सवलत मंजूर. तोवर जुन्या शेगडीला सील लावून ती घरातच ठेवायची. पाहणीत पास झालं तर कॉइल कापायची, नापास झालं तर यंत्र परत आणि शेगडी तुमची तुम्हाला.

यंत्र बसलं. आत भिंतीवर लांबट पांढरी पेटी, बाहेर ओट्याच्या वर मोठा पंखा. थंडी पडली, काकूंनी यंत्र चालू केलं, बाहेरचा पंखा घरघरू लागला आणि समोरच्या रामकली भौजी विणकाम घेऊनच बाहेर आल्या.

"काए काकी, जाड़े में एसी? का दिमाग में गरमी चढ़ गई?"

"एसी नहीं है भौजी, गरम हवा देता है!"

"हओ हओ," भौजी म्हणाल्या आणि शेजारणीकडे पाहून डोळे मोठे केले. संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं की बिवलकरांनी पौषात एसी लावला. गल्लीतल्या कुत्र्यांना मात्र तो मानवला असावा. दोन-तीन कुत्री बिवलकरांच्या उंबऱ्याशी अंग टाकून पसरू लागली. काकू त्यांना हाकलून थकल्या. कुत्री ओट्यावरच का येतात, आणि पंख्याखाली न झोपता नेमकी दाराच्या तोंडाशीच का झोपतात, याचा विचार कुणी केला नाही.

पहिल्या शनिवारी मंडळी जमली. काकूंनी मुद्दाम मास्तरांना आणायला रिक्शा पाठवली होती. माकडटोपी, दोन स्वेटर, वर घोंगडी, अशा वेषात राजे अवतरले. दिवेलागण झालेली, दार उघडं, गल्लीत धुकं उतरलेलं. शेगडीची तिपाई नव्हती, त्यामुळे कुणी कुठे बसावं हेच कळेना. सगळे भिंतीला टेकून त्या पांढऱ्या पेटीकडे बघत राहिले. वाक्य विसरलेल्या नटाकडे प्रेक्षक बघतात तसे.

"चालू आहे ना हे?" उषाताईंनी हळूच विचारलं.

"आवाज तर येतोय," गजाननराव म्हणाले.

"आवाज तर पुढाऱ्यांचाही येतो," उषाताई म्हणाल्या. त्यांनी नवी शाल आवळून घेतली.

काकूंनी पुस्तक उघडलं. "(राजवाडा. पहाटेची वेळ. राजा अस्वस्थपणे येरझारा घालीत आहे.)"

मास्तरांनी श्वास घेतला. पहिलं वाक्य आलं, दुसरं आलं, तिसऱ्यावर खोकला आला. थांबले, पाणी प्यायले, पुन्हा सुरुवात केली. बँकेत काम करणारी रेवती राणीचं काम वाचत होती. तिला मराठी बोलताना अडखळायला होई, पण वाचायची हौस दांडगी. तिच्या तोंडातून शब्दांबरोबर वाफ निघत होती. पहिला अंक संपायच्या आत मास्तरांनी पुस्तक मिटलं. "मृदुला, आज राजाची तब्येत बरी नाही," असं म्हणून ते भिंतीला धरून उठले. पुढच्या शनिवारी मास्तर आले नाहीत, आणि मास्तर नाहीत म्हणून आणखी दोघं आली नाहीत.

"बोलवा तुमच्या त्या कुशवाहांना," काकू म्हणाल्या. "त्यांचं यंत्र घेऊन जा म्हणावं. आपली शेगडी बरी."

गजाननरावांचा चेहरा पडला. "परत कशाला? चांगलं आहे की यंत्र."

"चांगलं? तुम्हीच तर नको म्हणत होतात!"

"तेव्हा म्हणालो," गजाननराव चाचरत म्हणाले. "पण दुपारी मी इथे आडवा होतो ना, तेव्हा स्वेटर काढावा लागतो. परवा तर घाम आला."

काकू बघत राहिल्या. "मग संध्याकाळी काय होतं त्याला?"

"दुपारी दार लावलेलं असतं," गजाननराव छताकडे बघत म्हणाले.

"संध्याकाळी दार लागणार नाही," काकू म्हणाल्या.

"अगं, शनिवारपुरतं!"

"शनिवारीच तर माणसं येतात. लावलेलं दार बघून कोण येणार? तुमच्या वडिलांनी काय सांगितलं होतं?"

"बाबांनी सांगितलं तेव्हा शेगडी होती. शेगडीला दाराचं सोयरसुतक नव्हतं. याला आहे."

त्या घरात मग बराच वेळ भांडण झालं. रीतीप्रमाणे, उघड्या दारात. रामकली भौजींची विणकामाची एक ओळ चुकली ती त्यामुळेच.

कुशवाहा पाहणीला आले ते नेमके संध्याकाळी. ओट्यावरची कुत्री ओलांडून, उंबऱ्यात थांबले. खाली कुत्र्यांकडे पाहिलं, वर उघड्या दाराकडे पाहिलं, खिशातून तापमापक काढलं आणि परत ठेवून दिलं.

"माताजी, ये दरवाज़ा?"

"खुला रहता है, भैया. हमारे यहाँ शाम को खुला ही रहता है."

"तभी तो! आप तो पूरी गली गरम कर रही हैं! ये कुत्ते समझ गए, और आप लोग..." त्यांनी वाक्य अर्धंच सोडलं, माणूस सभ्य होता. मग समजावून सांगितलं. कॉइल समोरच्याला शेकते, हवा गरम असो वा गार. हे यंत्र हवा गरम करतं, आणि गरम हवा मोकळी वाट दिसली की निघून जाते. दार लावा, नाहीतर मिठाईच्या दुकानात लावतात तशा प्लॅस्टिकच्या पट्ट्या लावा. शनिवारी पुन्हा येईन, तेव्हाही खोली अशीच असेल तर नाइलाज आहे, यंत्र काढून न्यावं लागेल.

"प्लॅस्टिकच्या पट्ट्या!" कुशवाहा गेल्यावर काकू म्हणाल्या. "म्हणजे माणसांनी आत येताना जिलेबी मागायची का?"

गजाननराव हसले नाहीत. ते म्हणाले, "मृदुला, कुत्री तेवढी शेकताहेत आणि मास्तर घरी गारठताहेत. कुठलं तरी एक निवड."

दार लावलं तर घर त्यांचं राहणार नाही, उघडं ठेवलं तर राजा येणार नाही. दुसऱ्या दिवशी काकू मास्तरांकडे गेल्या. सांगायचं ठरवलं होतं की यंदा वाचन दुपारी करू, दार लावून. संध्याकाळचं राहू दे. मास्तर उशीला टेकून बसले होते. काकूंनी सगळी हकीकत सांगितली, कुत्र्यांसकट. कुत्र्यांपाशी मास्तर खुदकन हसले. त्या हिवाळ्यातलं पहिलं हसू.

"दुपारी नाटक?" ते म्हणाले. "दुपारी बाजार भरतो. नाटक दिवे लागल्यावर."

"मग दार लावावं लागेल, काका. लावलेलं दार म्हणजे..."

"माहीत आहे मला, काय असतं ते. तुझ्या सासऱ्यांनी ते दार उघडं ठेवलं म्हणून तर मी त्या घरात शिरलो." मास्तरांनी बसल्या जागी गादीवर थाप मारली. मग म्हणाले, "सुनेला बोलाव. ही गादी उचला."

"गादी?"

"उचला म्हणतो ना."

सून आली. दोघींनी मास्तरांना खुर्चीत बसवलं आणि मिळून गादी वर केली. खाली पलंगावर घड्या घालून अंथरलेलं काहीतरी जाड, गडद होतं. काकूंनी हात लावला आणि त्यांच्या बोटांनी ते डोळ्यांआधी ओळखलं. मखमल. मंडळाच्या नाटकांचा पडदा. मरून रंगाचा, खाली सोनेरी झालर, जी एका गणेशोत्सवात काकूंनी आणि उषाताईंनी मिळून शिवली होती. मंडळाचं सामान विकलं गेलं तेव्हा पडदा कुठे गेला हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

"यावर झोपता तुम्ही?"

"रंगभूमीवर झोप येते मला," मास्तर म्हणाले. "घेऊन जा. दारात लाव."

"पण काका, पडदा लावला तरी दिवा झाकला जाणारच. मग लावलेल्या दारात आणि त्यात फरक काय?"

मास्तर ताठ बसले. माकडटोपीतून त्यांचे डोळे असे चमकले की काकूंना जुना राजा दिसला. "फरक काय? इतकी वर्षं कंस वाचतेस आणि हे विचारतेस? बंद दार बघून माणूस परत जातो, मृदुला. पडदा बघून माणूस थांबतो. गप्प होतो. आत काहीतरी व्हायचंय, हे त्याला कळतं. पडद्यासमोरून कधी कुणी परत गेलेलं पाहिलंस?"

काकूंनी पडदा छातीशी धरला. नॅप्थॅलिन आणि जुन्या पावडरीचा वास आला, आणि का कोण जाणे, सागरहून आलेली ती मुसमुसणारी नवरी त्यांना आठवली.

पडदा एका दाराला फारच मोठा होता. उषाताई आणि रेवती कात्री घेऊन बसल्या, पण कापायला कुणाचा हात धजेना. शेवटी गजाननरावांनी चौकटीवर आतल्या बाजूने भक्कम कांब ठोकली आणि पडद्याचे दोन भाग दुमडून, दाट चुण्या घालून लटकवले. मधे एकावर एक येतील असे. दाराच्या दोन्ही झडपा भिंतीला चिकटून पूर्वीसारख्याच उघड्या. खाली सोनेरी झालर उंबऱ्याला टेकलेली. कुत्र्यांनी येऊन हुंगलं, खालून काही येतंय का पाहिलं, आणि निराश होऊन पानवाल्याकडे गेली.

शनिवारी दिवेलागण झाली. काकूंनी यंत्र लवकरच सुरू केलं होतं. हळूहळू एकेक माणूस आलं, आणि प्रत्येकाची तीच गंमत झाली. गल्लीतून येऊन पडद्यासमोर उभं राहायचं, क्षणभर घुटमळायचं, शाल नीट करायची, केसांवरून हात फिरवायचा आणि मग पडदा सारून आत यायचं. उषाताईंनी तर आत येऊन नमस्कारच केला. आत टाळ्या पडल्या. रेवती आली. "काकू, मेरी तर एंट्री झाली!" ती म्हणाली, आणि आपल्या मराठीला आपणच हसली.

रिक्शा थांबल्याचा आवाज आला. सगळ्यांच्या माना पडद्याकडे वळल्या. पडद्याच्या चुण्या हलल्या, हात दिसला, मग काठी, मग कमलाकर मास्तर. ते आत येऊन उभे राहिले. माकडटोपी काढली. मग घोंगडी. मग, सगळे बघत असताना, वरचा स्वेटर.

"हं," ते म्हणाले. "आता राजाला कपडे शोभतील."

त्यांच्या पाठोपाठ बाहेरून हाक आली, "माताजी! अंदर आने का रास्ता किधर से है?"

"बीच से आइए, कुशवाहाजी, बीच से!" गजाननराव ओरडले. "कलाकार बीच से आते हैं!"

कुशवाहा आत आले आणि जागीच थांबले. त्यांच्या जाड भिंगांवर धुकं चढलं होतं. ते आंधळ्यासारखे हात पुढे करून उभे, आणि सगळी बैठक हसत सुटली. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला, पडद्याकडे पाहिलं, त्याच्यामागच्या उघड्या दाराकडे पाहिलं. मग नियम म्हणून तापमापक काढलं, भिंतीशी धरलं आणि मान डोलावली. "पास," ते म्हणाले. "ऐसा पर्दा तो हमने किसी मॅन्युअल में नहीं देखा."

मग शेगडी आणली गेली. कुशवाहांनी सील तोडलं आणि पकडीने कॉइल कापली. कट् असा बारीक आवाज झाला.

"माझ्या शालीचा सूड!" उषाताई म्हणाल्या.

मास्तर मात्र त्या रित्या थाळीकडे बघत होते. "चांगला उजेड देत होती," ते हळूच म्हणाले. गजाननराव उठले. कोपऱ्यातला टेबललॅम्प उचलून त्यांनी मास्तरांच्या पुढ्यात जमिनीवर ठेवला, मान वर वळवली आणि त्यावर रेवतीची लाल ओढणी टाकली. मास्तरांच्या तोंडावर खालून लाल प्रकाश पडला.

कुशवाहांना निघायचं होतं, पण चहाचा कप हातात आल्यावर ते टेकले. काकूंनी पुस्तक उघडलं. "(राजवाडा. पहाटेची वेळ. राजा अस्वस्थपणे येरझारा घालीत आहे.)"

मास्तरांनी श्वास घेतला. तो श्वास खोल गेला, कुठेही अडला नाही. पहिलं वाक्य भिंतीवर आपटून परत आलं. दुसरं पडद्यातून बाहेर गेलं, गल्ली ओलांडून पलीकडच्या ओट्यावर चढलं. राजा गरजला, राणी अडखळत रडली, प्रधानाने कट रचला. उषाताईंनी डोळे पुसले, यावेळी निर्धास्त. कुशवाहांचा चहा हातातच गार झाला.

राजाचं राज्य जाण्याच्या बेतात होतं, मास्तरांचा हात वर गेला होता, तेवढ्यात पडद्याच्या फटीतून विणकामाच्या दोन सुया आत आल्या. त्यांच्यामागून लोकरीचा गुंडा, आणि मग रामकली भौजींचं डोकं.

"काए," भौजी कुजबुजल्या, "इतै का होत है?"

मास्तर हात वर असतानाच थांबले. मृदुलाकाकूंनी पुस्तकावरची नजर काढली नाही. पोस्टाच्या खिडकीतल्या त्याच सपाट आवाजात, बोट ओळीवर ठेवून, त्यांनी वाचलं,

"(रामकली भौजी प्रवेश करतात. उषाताई सरकून त्यांना जागा देतात. राजा पुढे चालू करतो.)"

उषाताई सरकल्या. भौजी बसल्या, गुंडा मांडीवर घेतला. आणि राजाने पुढे चालू केलं.